तुटक्या दुव्यांची बखर

परवा संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, तू रमीचा अड्डा कधीपासून चालवायला लागलास?"

मला काही कळेना. मग त्याने उलगडून सांगितलं. २००७ साली मी पानिपतावर एक लेख लिहिला होता, तो तो वाचत होता. त्यात मराठी फौजेच्या पैशांच्या अडचणीबद्दल, हुंड्यांबद्दल एक वाक्य होतं आणि शेजारी 'सविस्तर इथे वाचा' असा दुवा. त्यावर टिचकी मारली की चकाकणारे एक्के-राजे, नाण्यांचा ढीग आणि 'आत्ताच खेळा'! मूळ पान एका हौशी अभ्यासकाचं होतं. त्याने कधीतरी डोमेनचे पैसे भरणं सोडलं असणार आणि मोकळ्या जागेवर दुसऱ्या कोणीतरी तंबू ठोकला.

मग शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन बसलो आणि त्या लेखातले सगळेच दुवे तपासायला घेतले. एकोणीस होते. धड चालले ते सहा. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी ४०४ ची पाटी दाखवली, दोन-तीन सर्व्हर तर जागेच झाले नाहीत, आणि एक हा रमीवाला. गंमत म्हणजे, दुवे तपासायला मी जी छोटीशी स्क्रिप्ट लिहिली होती तिने रमीवाल्याला 'चालू आहे' असा शेरा दिला. कारण तो सर्व्हर इमानेइतबारे '२०० ओके' म्हणतो. पान आहे, मजकूर आहे. फक्त ते पान 'ते' नाही.

चिडलो की मी इतिहास वाचतो (बायकोच्या मते हे व्यसन रमीपेक्षा वाईट आहे). प्रश्न साधा होता: हे असं होणार हे जाल बांधणाऱ्यांना आधी दिसलं नव्हतं का? तर मंडळी, दिसलं होतं. अगदी लख्ख दिसलं होतं.

गोष्ट १९६० पासून सुरू होते. टेड नेल्सन नावाचा अमेरिकन मुलगा हार्वर्डमध्ये शिकत होता आणि त्याच्या डोक्यात एकमेकांना जोडलेल्या लिखाणाचं एक जग तयार होत होतं. 'हायपरटेक्स्ट' हा शब्द त्याचाच, १९६५ साली तो छापून आला. आपल्या स्वप्नातल्या यंत्रणेला त्याने पुढे झॅनाडू असं नाव दिलं. झॅनाडूत दुवा दोन्ही टोकांना बांधलेला असणार होता. मी तुमच्या लिखाणाकडे बोट दाखवलं तर तुमच्या बाजूलाही त्याची नोंद. उतारा घेतला तर तो मूळ जागेशी जोडलेलाच राहणार. जुनी आवृत्ती पुसायची नाही. मूळ लेखकाला प्रत्येक वापराचे चार पैसेही मिळणार. म्हणजे तुटका दुवा ही गोष्ट झॅनाडूत जन्मालाच येणार नव्हती.

झॅनाडूही जन्माला आलं नाही, ही त्यातली अडचण. १९८८ पासून चारेक वर्षं ऑटोडेस्क कंपनीने त्यात पैसे ओतले, तरी वापरण्याजोगं काही हाती लागेना. १९९५ साली वायर्ड मासिकाने या प्रकल्पावर भला मोठा लेख छापला, जवळजवळ मृत्युलेखच. नेल्सन त्यावर जाम भडकला होता.

पण कल्पना एकट्या नेल्सनची नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ग्राझच्या तांत्रिक विद्यापीठात 'हायपर-जी' नावाची यंत्रणा आकार घेत होती. तिच्यात दुवे दोन्ही दिशांनी ठाऊक असत, त्यामुळे पान काढून टाकलं तर त्याच्याकडे येणाऱ्या दुव्यांचीही व्यवस्था लागे. इंग्लंडात साउदम्प्टनला वेंडी हॉलच्या गटाने 'मायक्रोकॉझम' केलं. त्यात दुवे मजकुरात न ठेवता वेगळ्या विदागारात ठेवलेले. थोडक्यात, या क्षेत्रातल्या जाणत्या लोकांसाठी तुटका दुवा हा सोडवून झालेला प्रश्न होता.

आणि मग आला टिम बर्नर्स-ली. जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हा इंग्रज गृहस्थ काम करत होता. १९८० साली तिथेच सहा महिन्यांच्या करारावर असताना त्याने 'एन्क्वायर' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. त्यातले आतले दुवे दुहेरीच होते बरं का! (त्या प्रोग्रॅमची आठ इंची फ्लॉपी पुढे हरवली. इथूनच सुरुवात.) मार्च १९८९ मध्ये त्याने वरिष्ठांना नवा प्रस्ताव दिला. त्याचा साहेब माइक सेंडॉल याने कागदाच्या डोक्यावर 'मोघम आहे पण भारी आहे' अशा अर्थाचा शेरा मारला, तो आता जगप्रसिद्ध आहे.

या प्रस्तावातून जे जाल झालं त्यात दुवा एकेरी होता. झॅनाडूचा दुवा म्हणजे सोयरीक. दोन्ही घरांची संमती हवी, याद्या हव्यात, मध्यस्थ हवा, आणि ती मोडली तर दोन्हीकडे कळणार. बर्नर्स-लीचा दुवा म्हणजे बसच्या तिकिटामागे लिहून दिलेला पत्ता. ज्याचा पत्ता दिला त्याला विचारायचं कारण नाही, त्याला कळायचंही कारण नाही. तो उद्या घर बदलून गेला तर तुम्ही त्याच्या कुलपासमोर उभे.

तुम्ही प्रोग्रॅमर असाल तर दुहेरी दुव्याची किंमत तुम्हाला लगेच दिसेल. सगळ्यांच्या दुव्यांची एक सामाईक नोंदवही लागते. ती कोण ठेवणार? तिचा सर्व्हर बंद पडला तर? माझ्या पानाकडे दहा लाख लोकांनी बोट दाखवलं तर त्या नोंदी मी का सांभाळू? एका प्रयोगशाळेपुरतं हे जमतं, जगापुरतं जमत नाही. बर्नर्स-लीने हे ओळखलं आणि तुटणाऱ्या दुव्यांना चक्क परवानगी देऊन टाकली. जाल वाढलं ते या परवानगीमुळे. म्हणजे त्या रमीवाल्याचं मूळ एखाद्याच्या निष्काळजीपणात नाही, जाणूनबुजून केलेल्या सौद्यात आहे.

तेव्हाच्या जाणकारांना हा सौदा पसंत नव्हता. डिसेंबर १९९१ मध्ये टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओ इथे हायपरटेक्स्टवाल्यांची परिषद भरली. बर्नर्स-ली आणि त्याचा सहकारी रॉबर्ट कायो यांचा निबंध परिषदेने नाकारला! फक्त प्रात्यक्षिक दाखवायची परवानगी दिली. या प्रसंगावर आज हसायची पद्धत आहे, 'बघा, तज्ज्ञांना काही कळत नाही' वगैरे. मला तसं वाटत नाही. एकेरी दुवे तुटणार हा त्या पंथाचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरला. फक्त जिंकायला तेवढं पुरत नाही.

या परिषदेला आणखी एक शेपूट आहे. जगातलं पहिलं वेबपान सर्नच्या सर्व्हरवर होतं. ते सारखं बदललं जाई, आणि बदलताना जुनी प्रत ठेवावी असं कोणाच्या मनात आलं नाही. पुढे तो मूळ पत्ताही निकामी झाला. एप्रिल २०१३ मध्ये, जाल सर्वांसाठी मोफत खुलं केल्याला वीस वर्षं झाली म्हणून सर्नने पहिलं पान त्याच्या मूळ पत्त्यावर परत मांडलं, तेव्हा हाताशी असलेली सर्वात जुनी प्रत होती १९९२ सालची. ही बातमी वाचून अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले पॉल जोन्स पुढे आले. १९९१ च्या त्याच अमेरिका दौऱ्यात बर्नर्स-ली त्यांना भेटला होता आणि त्याने पानाची प्रत दिली होती. ती त्यांनी जपून ठेवली होती. म्हणजे ज्या दौऱ्यात निबंध नाकारला गेला, त्याच दौऱ्यातल्या एका भेटीमुळे जालाचं बालपण थोडंफार वाचलं.

आता त्या प्रसिद्ध ४०४ बद्दल. सर्नमध्ये ४०४ नंबरची खोली होती आणि तिथे पहिला सर्व्हर होता, ही ढकलपत्रातून फिरणारी गोष्ट साफ खोटी आहे. खुद्द कायोनेच ती उडवून लावली आहे. खरी गंमत पहिल्या आकड्यात आहे. एचटीटीपीच्या नियमात ५ ने सुरू होणारी चूक सर्व्हरची, आणि ४ ने सुरू होणारी चूक मागणाऱ्याची. म्हणजे घरमालक घर पाडून गेला तरी दोष दारावर टकटक करणाऱ्याचा! पुढे १९९७ च्या नियमावलीत ४१० नावाचा प्रामाणिक संकेत आला, 'होतं, पण कायमचं गेलं' असं सांगणारा. आयुष्यात तो किती वेळा बघितलात? मी दोनदा. कायमची पानं पुसणारा माणूस जाता जाता पाटी लावत बसत नाही.

१९९८ साली बर्नर्स-लीने स्वतःच एक टिपण लिहिलं. त्याचं म्हणणं असं की पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसं ते बदलतात; तेव्हा पत्त्यात विषय, फाइलचा प्रकार असलं काही घालू नका, कारण तेच आधी बदलतं. टिपण आजही त्याच पत्त्यावर आहे, एवढं मात्र खरं. सल्ला उत्तम, पण तो घरमालकाला दिलेला. पत्ता लिहून देणाऱ्या माझ्यासारख्याच्या हातात त्यातलं काय आहे? ग्रंथपालांनी आणि संशोधन-नियतकालिकांनी मध्ये एक कायमचा क्रमांक ठेवायची पद्धत काढली, डीओआय वगैरे. ती चांगली चालते, कारण तिथे क्रमांक अद्ययावत ठेवायची जबाबदारी कोणीतरी घेतलेली असते. हौशी माणसाच्या पानाला हे भाग्य कुठलं?

हौशी पानं म्हटली की जिओसिटीज आठवायलाच हवं. १९९४ साली सुरू झालेली ही फुकट वसाहत. पत्त्यातच मोहल्ल्यांची नावं असत, कोणी हॉलिवूडमध्ये, कोणी टोकियोत. १९९९ मध्ये याहूने साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीला ती विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ ला बंद केली. माझं पहिलं पानही तिथेच होतं (पार्श्वभूमीला फिरणारा ॐ, खाली भेटींचा आकडा, त्यातल्या निम्म्या भेटी माझ्याच). जेसन स्कॉट आणि त्याच्या 'आर्काइव्ह टीम' नावाच्या उपटसुंभ मंडळींनी शेवटच्या महिन्यांत जमेल तेवढं उपसलं आणि वर्षभराने सुमारे साडेसहाशे जीबीचा टॉरेंट सोडला. लाखो घरांची वसाहत एका हार्ड डिस्कवर. जिओसिटीज बंद झाल्यावर पाचच महिन्यांत, मार्च २०१० मध्ये, 'डॉट वाययू' हे डोमेनही मिटवलं गेलं. युगोस्लाव्हिया देश आधीच गेला होता, मग पत्त्यांचं शेपूटही गेलं.

पान नाहीसं होणं एकवेळ बरं. निदान कळतं. त्याहून वाईट म्हणजे पत्ता तोच आणि आत बिऱ्हाड वेगळं. २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंसक व्हिडिओ गेम्सवरच्या एका खटल्याचा निकाल दिला. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांच्या स्वतंत्र मतपत्राच्या तळटीपेत एक वेबपत्ता होता. पुढे ते डोमेन मोकळं झालं आणि कोणा खट्याळाने ते घेऊन तिथे पाटी लावली: न्यायमूर्तीसाहेब, बघा, जालावरचा पुरावा किती टिकाऊ असतो ते! हसू येतं, पण निकालातला पुरावा गेला तो गेलाच. हार्वर्डच्या जोनाथन झिट्रेन आणि सहकाऱ्यांनी मग मोजदादच केली. या न्यायालयाच्या निकालांमधले निम्मे वेबपत्ते मूळ उद्धृत मजकुराकडे नेत नव्हते. हार्वर्ड लॉ रिव्ह्यूसारख्या कायद्याच्या नियतकालिकांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होतं. त्यावर तोडगा म्हणून २०१३ मध्ये तिथल्या ग्रंथालयाने अशी सेवा काढली की लेखकाने दुवा देतानाच पानाची प्रत काढून ठेवायची.

प्रत काढून ठेवणं! इतकी साधी गोष्ट. आणि इथे मला आपले राजवाडे आठवले. १८९८ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालिकेचा पहिला खंड काढला, पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. पुढे असे बावीस खंड झाले. गावोगाव पायपीट करून, माळ्यावरची दप्तरं सोडवून ते कागद मिळवत. 'अमक्या वाड्यात तमका कागद आहे, जिज्ञासूंनी जाऊन पाहावा' एवढी तळटीप देऊन त्यांना भागवता आलं असतं. त्यांनी पत्रंच छापली. कागदाला वाळवी लागते, वारस रद्दीत घालतात, घराला आग लागते, हे त्यांना चांगलं माहीत होतं. मी मात्र त्याच पानिपतावर लिहिताना 'सविस्तर इथे वाचा' म्हणून मोकळा झालो होतो.

जालाचा राजवाडे शोधायचा तर ब्रूस्टर काल याचं नाव घ्यावं लागेल. १९९६ साली त्याने इंटरनेट आर्काइव्ह सुरू केलं, दिसेल ते वेबपान साठवून ठेवायला. पाच वर्षं प्रती नुसत्या साठत होत्या, मग ऑक्टोबर २००१ मध्ये 'वेबॅक मशीन' लोकांसाठी उघडलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या साठवलेल्या पानांची संख्या एक लाख कोटींवर गेली. विकिपीडियावरचे मेलेले दुवे या प्रतींकडे वळवणारा एक बॉट आहे, त्याच्या आणि स्वयंसेवकांच्या हातून २०१८ पर्यंतच नव्वद लाखांहून अधिक दुवे पुन्हा जिवंत झाले. पण सगळी भिस्त एका कोठारावर ठेवायची म्हणजे काय, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये कळलं. सायबर हल्ला झाला आणि कोठारच काही दिवस बंद राहिलं. त्याच वर्षी मे महिन्यात प्यू संशोधन केंद्राने मोजून सांगितलं होतं की २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांत नाहीशी झाली. मोठ्या कंपन्यांचं काय सांगावं! गूगलने 'गू डॉट जीएल' हे छोटे पत्ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंद करायचं जाहीर केलं होतं. ओरड झाल्यावर वापरात असलेले तेवढे ठेवले.

असो. तर माझे तेरा दुवे.

पहिला मोह होता ते सरळ पुसून टाकायचा. लेख कसा स्वच्छ दिसेल! पण मग वाचणाऱ्याला वाटणार की हे सगळं मी मनानेच लिहिलं. दुसरा मोह होता त्याच विषयावरचं आज सापडणारं दुसरं पान जोडून द्यायचा. हा जास्त घातक. २००७ साली मी जे वाचलं तेच पुरावा म्हणून दाखवायला हवं, आज सोयीचं सापडलं ते नव्हे. म्हणून मूळ पत्ता साध्या अक्षरांत तसाच ठेवला, टिचकी काढून टाकली, आणि शेजारी वेबॅक मशीनवरची प्रत जोडली. तीही सर्वात अलीकडची नाही, मी लेख लिहिला त्या सुमाराची. अलीकडची घेतली असती तर रमीचीच प्रत मिळाली असती! अशा नऊ मिळाल्या. तिघांची प्रत कुठेच नाही. तिथे लेखकाचं नाव, शीर्षक आणि साल, जेवढं आठवलं आणि जुन्या ईमेलांत सापडलं तेवढं, लिहून ठेवलं.

उरला तो हुंड्यांचा. त्याची प्रत होती, पण उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, तिरक्या रेघा, पौंडाची चिन्हं असा सगळा सडा. दोन मिनिटं डोकं खाजवलं, मग प्रकाश पडला. ते पान युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने टंकलेलं होतं. तेव्हा प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा आपापला फाँट असे. आत साठवलेली अक्षरं रोमनच, फक्त फाँट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवी. प्रत निघाली ती अक्षरांची, मुखवटा राहिला मागे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या संगणकांवर ती विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर आली, आणि सवय व्हायला आणखी काही वर्षं गेली. त्यामुळे तेव्हाचं मराठी जाल कोठारात साठलं असलं तरी त्यातलं बरंच वाचता येत नाही. इंग्रजी वाचकाला तुटक्या दुव्याचं दुःख एकपदरी, आपल्याला दुपदरी.

सुदैवाने त्या फाँटचा तक्ता जुन्या सीडीवर होता. रविवारी दुपारी एक छोटा रूपांतरक लिहिला. जोडाक्षरांनी छळलं, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसत होता, पण साडेचारपर्यंत मजकूर वाचण्याजोगा झाला. आणि वाचला.

माझ्या लेखात मी ठोकून दिलं होतं की 'दिल्लीकडे हुंड्या वटणंच बंद झालं होतं'. मूळ लेखकाने एका पत्राच्या आधारे 'वटायला फार वेळ लागत असावा, असं दिसतं' एवढंच म्हटलं होतं. इतकी वर्षं त्या वाक्याच्या शेजारी दुवा होता, आणि दुव्यामुळेच ते वजनदार वाटत होतं. मला स्वतःलासुद्धा.

लेखातलं ते वाक्य पुसलं नाही. त्यावर आडवी रेघ मारली, खाली आजची तारीख घालून दुरुस्ती लिहिली, आणि त्या अभ्यासकाचा तेवढा परिच्छेद त्याच्या नावानिशी तिथेच उतरवून ठेवला. भाच्याला फोन करून सांगितलं की अड्डा बंद केला. तो म्हणाला, "मामा, पण मी कालच त्या वाक्यावरून कॉलेजचा निबंध लिहून दिला."

आता त्याच्या सरांना ईमेल लिहायला बसलोय.